परवडणाऱ्या युरोपियन रेड वाइन, जोडीजोडीने

गेल्या डिसेंबरात आमच्या इंदूरच्या सुदामा नगरातल्या घरी चार बाटल्या उघडल्या. चारही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, गळ्याला रबरबँड, कागदावर स्केचपेनने १ ते ४ आकडे. चाखणारे सहा जण. सासूबाई वाइन घेत नाहीत; त्या शेजारच्या खुर्चीत मटार सोलत बसल्या होत्या. तिसऱ्या ग्लासाशी आम्ही सगळे अडलो. वास ओळखीचा, घरातलाच, पण नाव काही सुचेना. शेवटी त्यांनी हात पदराला पुसले, ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अगं, लवंग आहे की. आणि मागून सुकं खोबरं."

कागद सोडला तेव्हा ती स्पेनच्या रिओहा भागातली वाइन निघाली, ओकच्या पिंपात मुरलेली. ओकचं लाकूड आतून भाजतात तेव्हा त्यात युजेनॉल तयार होतं आणि ते वाइनमध्ये उतरतं. लवंगेला लवंगेचा वास देणारं द्रव्यही तेच. खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्याचा, अमेरिकन ओकमध्ये तो जास्त, आणि रिओहात अमेरिकन ओकची पिंपं वापरायची जुनी पद्धत आहे. म्हणजे एक थेंबही न घेता सासूबाईंनी पिंपाचं लाकूड ओळखलं होतं.

मसाल्याच्या डब्याशी रोज संबंध असलेलं नाक आपल्याकडे आधीपासून आहे, आणि तुरट हा एक शब्दही आहे, ज्याचं महत्त्व पुढे कळेल. राहता राहतो तो सराव, आणि सराव जोडीने करायचा असतो. एकच बाटली उघडली की 'छान आहे' किंवा 'आंबट आहे' यापुढे गाडी जात नाही. दोन ग्लास शेजारी ठेवले की जीभ आपोआप तुलना करू लागते: ही जास्त तुरट, ती जास्त दाट, हिची चव लवकर संपली. माझा सगळा भर या जोड्यांवर आहे, आणि चार वर्षं हेच केल्यावर मी ते ठामपणे सांगते.

पैशाचं गणित

परवडणारी म्हणजे केवढ्याला? युरोपात पाच-सात युरोला रोजच्या जेवणाबरोबर पितात ती वाइन इथे दीड ते अडीच हजारांच्या घरात जाते. आयात वाइनवरचं सीमाशुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं, त्यावर राज्याचा कर, आयातदार आणि दुकानदार. त्यामुळे एकट्याने चार बाटल्या घेणं कोणाच्याच खिशाला मानवत नाही. सहा जणांनी वाटून घ्या. एक बाटली सरासरी १,८०० रुपयांची धरली तर चार बाटल्यांचे ७,२०० झाले, म्हणजे डोई १,२००.

मापही सहा जणांना बरोबर बसतं. बाटली ७५० मिलीची. चाखायला माणशी ५० मिली पुरतं, म्हणजे पहिल्या फेरीत प्रत्येक बाटलीतले ३०० मिली जातात आणि ४५० मिली जेवणाला आणि दुसऱ्या दिवसाला उरतात. परदेशाहून कोणी येणार असेल तर माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. त्यात दोन बाटल्या आरामात बसतात. मध्य प्रदेशात मद्य घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा कॉलेजातल्या भाच्यांना या बैठकीत वही लिहायचं काम द्या.

कोणत्या जोड्या लावायच्या

प्रत्येक जोडीने एकच प्रश्न विचारावा. चार देशांच्या चार बाटल्या आणल्या तर सगळंच वेगळं लागतं आणि कशामुळे वेगळं लागतं ते कळत नाही.

पहिली जोडी लाकडाची. दोन्ही स्पेनच्या, दोन्ही टेम्प्रानियो या द्राक्षाच्या, एक पिंपात न ठेवलेली किंवा जेमतेम ठेवलेली, दुसरी मुरलेली. रिओहात ही निवड सोपी आहे, कारण बाटलीच्या मागे रंगीत शिक्का असतो. हिरवा म्हणजे कोवळी. लाल म्हणजे क्रियान्सा: किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान एक वर्ष पिंपात. गडद मरून म्हणजे रेसेर्वा, किमान तीन वर्षं. निळा म्हणजे ग्रान रेसेर्वा, किमान पाच वर्षं, आणि ती परवडणाऱ्यांत क्वचितच सापडते. हिरव्या शिक्क्याची आणि लाल किंवा मरून शिक्क्याची अशी जोडी घ्या. हिरवी मिळाली नाही तर स्पेनच्या दुसऱ्या कुठल्याही भागातली साधी टेम्प्रानियो चालेल. स्पॅनिश उच्चार रिओहा असला तरी आपल्याकडच्या दुकानात 'रिओजा' म्हटलेलं लवकर समजतं.

नवख्यांनी सुरुवात याच जोडीने करावी असं माझं मत आहे. द्राक्ष एकच असल्याने फरक सरळ लाकडाकडे बोट दाखवतो. कोवळीत चेरी आणि लाल फळांचा ताजेपणा, मुरलेलीत लवंग, व्हॅनिला, खोबरं, थोडी तंबाखूची पानं. एकदा हा वास डोक्यात बसला की पुढे कुठल्याही देशाच्या वाइनमध्ये लाकूड ओळखता येतं.

दुसरी जोडी आंबट आणि पिकलेपणाची, दोन्ही इटलीच्या. एक किआंती, दुसरी प्रिमितिव्हो. किआंती टस्कनीची, त्यात सांजोवेझे हे द्राक्ष किमान ७० टक्के लागतं. किआंती क्लासिको हा फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधला जुना पट्टा, त्यात किमान ८० टक्के. गळ्यावर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं. या भागाच्या सीमा टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोने १७१६ मध्येच ठरवून दिल्या होत्या. सांजोवेझेची खूण म्हणजे आंबटपणा: आंबट चेरी, टोमॅटोची पानं, आणि शेवटी काळ्या चहासारखा तुरटपणा. प्रिमितिव्हो इटलीच्या टाचेकडची, पुल्या प्रांताची. ऊन भरपूर, द्राक्ष साखरेने भरलेलं, म्हणून अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास किंवा वर, आणि चव मुरांब्याकडे झुकणारी. कॅलिफोर्नियातलं झिनफांडेल हे द्राक्ष याच जातीचं, आणि दोघांचं मूळ क्रोएशियात, हे जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे.

प्रिमितिव्होऐवजी मोंतेपुल्चानो द'अब्रुत्सो मिळाली तरी बेलाशक घ्या. या किमतीत ती क्वचितच निराश करते: गडद रंग, मऊ, जेवणाला सोयीची. फक्त नावात गल्लत करू नका. इथे मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव आहे. टस्कनीत त्याच नावाचं गाव आहे आणि तिथली 'व्हिनो नोबिले' मात्र सांजोवेझेची असते.

तिसरी जोडी फ्रान्सची: साधी बोर्दो आणि कोत द्यु रोन. बोर्दोत मेर्लो आणि काबेर्ने ही द्राक्षं, रोनमध्ये ग्रेनाश आणि सिरा. ही जोडी वासासाठी लावायची. बोर्दोत कधीकधी ताज्या कापलेल्या शिमला मिरचीचा वास येतो, आणि तो खरोखर शिमला मिरचीतही असणाऱ्या पायराझीन गटातल्या द्रव्यांचा असतो. रोनच्या सिरात काळी मिरी. मिऱ्याचा वास रोटंडोन या द्रव्याने येतो आणि सिरातही तेच असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. गंमतीचा भाग असा की साधारण पाचांतल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. आमच्या जाऊबाईंना दर वेळी मिरी सापडते, भाऊजींना कधीच नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, म्हणून कोणाला वास आला नाही तर त्याला चुकीचं ठरवू नका.

या तिन्हींनंतर फ्रान्सची बोजोले आणि पोर्तुगालची दोरो यांच्याकडे वळा. बोजोले गामे द्राक्षाची, हलकी, कमी तुरट, थोडी गार करून प्यायची. तिच्या काही बाटल्यांत चक्क पिकलेल्या केळ्याचा वास येतो. दोरोच्या सीमा १७५६ मध्ये आखल्या गेल्या. तिथली साधी रेड दाट आणि गडद असते, आणि किमतीच्या मानाने पदरात बरंच टाकते.

लेबल वाचताना

पुढच्या लेबलावरचा किल्ला, सोनेरी पदकं, 'जुन्या वेली' अशी वाक्यं यांच्याकडे मी पाहत नाही. बाटली जड आहे म्हणून वाइन चांगली असंही नसतं. पाहायच्या गोष्टी तीन. अल्कोहोलचा आकडा: १२.५ असेल तर वाइन बहुधा हलकी आणि आंबटाकडे, १४.५ असेल तर दाट आणि उष्ण. मग साल: या किमतीतली बहुतेक रेड वाइन तरुणपणीच पिण्यासाठी केलेली असते, म्हणून गेल्या तीन-चार वर्षांतलं साल घ्या, रेसेर्वाला त्याहून जुनं चालतं. आणि मागचं आयातदाराचं स्टिकर. त्यावरची तारीख वाचा. भारतात येऊन बाटलीने किती उन्हाळे काढले त्याचा अंदाज त्यावरून येतो.

ही तिसरी गोष्ट मी महागात शिकले. एकदा मे महिन्यात शहरातल्या एका दुकानातून कोत द्यु रोन आणली. काचेच्या शोकेसमध्ये उभी होती, दुपारचं ऊन थेट तिच्यावर. घरी येऊन पाहिलं तर बूच किंचित वर आलेलं, गळ्याच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ. फळाच्या जागी शिजवलेल्या मुरांब्याची आणि जुन्या चिंचेच्या कोळाची चव. बाटली तापली की आतला द्रव फुगतो, बूच ढकलतो, आणि थंड झाल्यावर हवा आत शिरते. तेव्हापासून बाटली हातात घेतली की मी आधी गळ्यावरून बोट फिरवते. बूच उंच लागलं किंवा चिकटपणा जाणवला तर परत ठेवते. शोकेसमधली न घेता आतल्या खोलीतली मागते. चांगला दुकानदार आणून देतो.

घरातही तेच. माळा नको, गॅसजवळचं कपाट नको, फ्रिजच्या वरची जागा तर अजिबात नको. कोपऱ्यातल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा बरा, आणि बूच असलेली बाटली आडवी. एप्रिल ते जून मी बाटल्या सरळ फ्रिजमध्ये खालच्या खणात ठेवते. काही आठवड्यांनी वाइनचं त्यात बिघडत नाही. चाखायच्या बैठका मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवाव्यात. शब-ए-मालवाचा, म्हणजे माळव्यातल्या रात्रींचा, गारवा तेव्हा फुकट मिळतो.

त्या दिवसाची तयारी

बैठकीच्या आदल्या दिवशी काळ्या चहाचा सराव करा, दहा मिनिटांचं काम आहे. तीन कपांत सारखी चहापत्ती आणि सारखं उकळतं पाणी. एक कप दोन मिनिटांनी गाळा, दुसरा पाचांनी, तिसरा दहांनी. दूध नाही, साखर नाही. क्रमाने घोट घ्या. तिसऱ्या कपाशी हिरड्या आवळल्यासारख्या होतात, गालाच्या आतली बाजू खरखरीत लागते. हेच टॅनिन, आणि हाच आपला तुरट. चहातलं आणि वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंडाला कोरड पडते. आता तिसऱ्या कपातला थोडा चहा वाटीत घेऊन त्यात लिंबू पिळा. लाळ सुटेल. तो आंबटपणा. नवखी माणसं तुरट आणि आंबट यांना एकाच नावाने 'स्ट्राँग' म्हणतात. जी कोरडं करते ती तुरट, जी लाळ सुटवते ती आंबट, एवढं वेगळं करता आलं की निम्मं शिकून झालं. शेवटी कपात उरलेल्या चहात चमचाभर दूध घाला. तुरटपणा मऊ पडतो, कारण टॅनिनला धरायला आता दुधातली प्रथिनं आहेत. जेवणाच्या वेळी हे आठवा.

ग्लास पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळते हवेत, म्हणजे वास आत अडकतो. चाखण्याच्या ग्लासाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ चं आहे: २१५ मिलीचा ग्लास, त्यात ५० मिली वाइन. पण तेवढं काटेकोर असायची गरज नाही. सगळ्यांचे ग्लास एकसारखे असावेत हे महत्त्वाचं, कारण रुंद ग्लासात आणि अरुंद ग्लासात तीच वाइन वेगळी वाटते. स्टीलच्या पेल्यात रंगही दिसत नाही आणि वासही धरत नाही. ग्लास नुसत्या पाण्याने विसळा. साबणाचा आणि कपाटाचा वास आधी ग्लास हुंगून तपासा.

घरातले वास ही आपल्याकडची खरी अडचण. हिंगाची फोडणी पडली की पुढचा तासभर नाकाला दुसरं काही कळत नाही. म्हणून स्वयंपाक आधी उरकून घ्या, किंवा गार जेवण ठेवा. देवापुढची उदबत्ती बैठकीच्या दोन तास आधी. अत्तर, गजरा, डासांची कॉइल नको. तासभर आधीपासून पान, सुपारी, बडीशेप, टूथपेस्ट बंद. आमची वेळ संध्याकाळी पाचची: पोट भरलेलं नसतं आणि जीभ ताजी असते.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड खोल्यांचा आहे. १५ ते १८ अंश हवेत, बोजोलेला १२ ते १४. डिसेंबरातसुद्धा आमची बैठकीची खोली याहून उबदार असते, म्हणून बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात तासभर, किंवा बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत १५ मिनिटं. गरम रेड वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढतो आणि चांगली बाटलीही उग्र वाटते. खात्री करायची असेल तर एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा, एक गार, एक तसाच ठेवलेला. लोक या दोन वेगळ्या वाइन आहेत असं शपथेवर सांगतात.

आणखी लागेल ते असं: पांढरा कागद, साधं पाणी, मीठ नसलेल्या पोळीचे किंवा पावाचे तुकडे, वही, आणि पिकदाणी. पिकदाणी हसण्यावारी नेऊ नका. चार ग्लासांचे मिळून २०० मिली होतात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वाइनपर्यंत निवाडा सैल पडतो. घोट तोंडात फिरवून थुंकला तरी चव पूर्ण कळते. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळची पितळी पिकदाणी आहे, ती नसेल तर कडेला एक मोठा मग. थुंकलं तरी थोडा अंमल होतोच, म्हणून गाडी कोणी चालवायची नाही, परत जाताना कॅब.

घोट कसा घ्यायचा

आधी पाहा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा आणि काठाचा रंग बघा. जांभळा असेल तर वाइन तरुण, विटेच्या रंगाकडे झुकला असेल तर मुरलेली किंवा थकलेली. ग्लासच्या भिंतीवरून ओघळणाऱ्या रेषा अल्कोहोल दाखवतात, दर्जा नाही.

मग न हलवता एकदा वास घ्या, आणि नंतर ग्लास टेबलावरच ठेवून तीन-चार वेळा गोल फिरवून परत. पहिला वास सगळ्यात प्रामाणिक असतो. तो लगेच, एका शब्दात, कोणाला न सांगता वहीत लिहा. शब्द परदेशी शोधू नका. आपल्यापैकी फार थोड्यांनी ब्लॅककरंट खाल्लंय, पण जांभूळ, करवंद, कोकम, मनुका, खजूर, डाळिंब, गूळ, ओली माती, भाजलेलं जिरं, नवी चामड्याची चप्पल हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वहीत एका बोर्दोपुढे 'कंपासपेटी' लिहिलंय. पेन्सिलीच्या लाकडाचा वास म्हणायचा होता, आणि बोर्दोबद्दल जगभर हेच म्हणतात.

घोट लहान, पण तोंडभर फिरेल एवढा. ओठांतून थोडी हवा आत ओढा, गरम चहा भुरकतो तशी. पाच-सहा सेकंद ठेवा. आता क्रमाने स्वतःला विचारा: गोडसर लागतंय का? लाळ किती सुटली? हिरड्या किती आवळल्या? वाइन पाण्यासारखी पातळ की दुधासारखी भरीव? थुंकल्यावर किंवा गिळल्यावर मनात आकडे मोजा. फळाची चव चारला गेली की बारापर्यंत राहिली? मागे नुसता कडवटपणा राहत असेल तर त्याची वेगळी नोंद करा. स्वस्त आणि त्याहून बऱ्या वाइनमधला फरक मला सगळ्यात जास्त या रेंगाळण्यात दिसला आहे. सुरुवातीची चव बऱ्याच बाटल्यांना जमते.

त्यानंतर लगेच शेजारच्या ग्लासाकडे, आणि मग परत पहिल्याकडे. या परत येण्यातच फरक ठसतो. किआंतीनंतर प्रिमितिव्हो घेतली की ती गुळचट लागते, आणि परत किआंतीकडे आलं की ती धारदार. जोडी संपली की पोळीचा तुकडा, पाणी, पाच मिनिटं थांबणं, मग पुढची जोडी. एका संध्याकाळी चार बाटल्यांच्या पुढे जाऊ नका.

लपवून चाखणं

कागदात गुंडाळायचं कारण आहे. २००१ मध्ये बोर्दोतल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकाला नुसता रंग फसवू शकतो, तर किंमत आणि लेबल काय करत असेल. ज्याने बाटल्या आणल्या त्याने गुंडाळू नयेत; दुसऱ्याने गुंडाळून आकडे टाकावेत, तिसऱ्याने ओतावं. बूच आधीच काढून लपवा, त्यावर नाव छापलेलं असतं.

पहिल्या ग्लासाला नेहमी थोडा जास्त मान मिळतो. म्हणून सहांतल्या तिघांनी १ पासून चढत जावं, तिघांनी ४ पासून उतरत. बोलणं सगळ्यांचं लिहून झाल्यावरच. आमच्यात एक काका मोठ्या आवाजात 'ही फ्रेंच!' म्हणाले की बाकीच्या पाच वह्यांत फ्रान्स उमटायचा.

शंभरातले गुण देण्याचा प्रघात मी दोन बैठकांनी सोडला. ८६ आणि ८८ यातला फरक आम्हाला कोणालाच सांगता येईना. त्याऐवजी वहीत तुरट, आंबट, दाट आणि रेंगाळणं यांसाठी कमी-मध्यम-जास्त, आणि खाली एक प्रश्न: जेवताना यातला कोणता ग्लास परत भरून घ्याल? या उत्तरावरून पुढची खरेदी ठरवा.

तयारी झाली की त्रिकोणाची चाचणी करून पाहा. तीन ग्लास, दोनांत एकच वाइन, एकात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एक बरोबर येतो, म्हणजे सहांपैकी दोघांचं बरोबर आलं तर त्याला अर्थ नाही. पाच जणांचं आलं तर त्या दोन वाइनमध्ये तुम्हाला खरोखर फरक कळतो आहे. दोन हजारांची आणि तीन हजारांची बाटली यांत एवढा फरक सापडला नाही, तर वरचे हजार रुपये पुढच्या वेळी वाचवा.

बिघडलेली बाटली

भिजलेला पुठ्ठा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रंकेतली गोधडी, असा वास आणि फळ गायब: तो टीसीए या द्रव्याचा दोष, बुचातून येतो, आणि हवा दिल्याने जात नाही. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगर नाकात झोंबलं तर आंबवण चढली आहे. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागून शिळी. गोठ्याचा वास एका प्रकारच्या यीस्टचा. थोडा असेल तर काहींना आवडतोही, मला रोनमध्ये चालतो. विझलेल्या काडेपेटीचा वास मात्र घाबरण्यासारखा नाही, ग्लास पाच-दहा मिनिटं फिरवला की बहुधा उडून जातो. बिघडलेली बाटली तुलनेतून काढा, पण फेकायच्या आधी सगळ्यांना हुंगवा. असा धडा पुन्हा विकत मिळत नाही.

मग जेवण

कागद सोडा, नावं कळू द्या, आणि तेच ग्लास जेवणाबरोबर परत घ्या. गराडू (इकडचा एक कंद) तळून लिंबू पिळलेले असतील तर किआंती उचला; आंबट पदार्थापुढे कमी आंबट वाइन मिळमिळीत लागते. जीरावण, म्हणजे वरून घालायचा इंदुरी मसाला, बेताने भुरभुरा, कारण तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात आणि तुरटपणा त्यात भर घालतो. तिखट शेवेबरोबर १४.५ टक्क्यांची प्रिमितिव्हो जिभेला जाळते. दाल-बाफल्यातले बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) तुपात बुडवलेले असतील तर बोर्दो किंवा दोरो घ्या, तूप तुरटपणाची धार बोथट करतं. पनीर आणि चीज तेच करतात, चहातल्या दुधासारखं. वांग्याच्या भरताचा धुरकट वास आणि मुरलेली रिओहा ही आमच्या घरची सगळ्यात आवडती जोडी आहे. भुट्ट्याच्या किसाला मात्र तुरट रेड नकोच, त्यातल्या दुधाच्या गोडव्यापुढे वाइन कडू होते. तिथे गार बोजोले.

उरलेली वाइन टाकू नका. मोठ्या बाटलीत तळाशी ठेवली तर वरची हवा तिला रात्रीतून शिळी करते. आधीच धुऊन सुकवलेली लहान बाटली घ्या, गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा आणि पुन्हा दोन घोट वहीसमोर घ्या. काही वाइन एका रात्रीच्या हवेने उमलतात, काही मावळतात, आणि दुकानात ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे त्या रविवारी किआंतीचा तुरटपणा मऊ झाला होता आणि चेरी पुढे आली होती; प्रिमितिव्होचं फळ गेलं होतं, नुसती उष्णता उरली होती. मुरलेल्या रिओहातली लवंग मात्र होती तिथेच होती. सासूबाईंनी परत हुंगून खात्री केली, आणि मी शनिवारच्या नोंदीखाली हिरव्या शाईने लिहून ठेवलं.